४११७ डावा, ४११८ उजवा

विद्यार्थी क्रमांक ४११७. लिंग : पुरुष. वय : वर्षे बावन्न. शैक्षणिक अर्हता : पदवीधर (इतिहास), तृतीय श्रेणी. अभ्यासक्रम : माहिती तंत्रज्ञानातील पदव्युत्तर प्रमाणपत्र, कालावधी अकरा महिने, सायंकालीन. उपस्थिती : शहाण्णव टक्के. सादर केलेले गृहपाठ : निरंक. प्रकल्प : निरंक. लेखी परीक्षा : अनुपस्थित. शेरा : विद्यार्थी नियमित, परंतु निष्क्रिय.

विद्यापीठाच्या दप्तरात या गृहस्थांबद्दल एवढंच लिहिलेलं आहे. ते वाचून डोळ्यांपुढे जो माणूस येतो, तो रोज वेळेवर येऊन मागच्या रांगेत डुलक्या काढणारा असावा. प्रत्यक्षात हे गृहस्थ पहिल्या रांगेत बसत, आणि झोप तर त्यांची त्या अकरा महिन्यांत घरीसुद्धा उडाली होती.

ते ज्या कारखान्यात नोकरीला होते तिथं त्यांना सगळे पायमास्तर म्हणत. कारखाना बुटांचा, पण दुकानाच्या काचेत मांडलेल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाला बोटं नाहीत, कुणाचं हाड अपघातानंतर मन मानेल तसं जुळलेलं; अशा पायांसाठी तिथं एकेक जोड हातानं शिवला जाई. त्यासाठी आधी लाकडाचं कलबूत करायचं. कलबूत म्हणजे त्या पायाचा हुबेहूब लाकडी जुळा भाऊ. त्याच्यावर चामडं ताणून बूट बेततात. बूट माणूस घेऊन जातो, कलबूत कोठीत राहतं. आणि कोठी गेली सत्तावीस वर्षं पायमास्तरांच्या ताब्यात होती.

लांबट खोली, एका बाजूला उंचावर खिडक्या, बाकी सगळ्या भिंतींना खुंट्या, आणि खुंट्यांवर सात हजारांवर लाकडी पावलं. नवा माणूस आत आला की पहिल्यांदा दचके. एवढे लोक भिंतीतून पलीकडे निघून गेलेत आणि पाय तेवढे मागे राहिलेत असं वाटे. पायमास्तरांना मात्र तिथं घरच्यापेक्षा जास्त ओळखीचं वाटे. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी खाली बघत आणि मग म्हणत, "अरे, तुम्ही होय!"

कोठीची रीत पायमास्तरांच्याही आधीपासूनची. डाव्या पायाला विषम आकडा, उजव्याला सम. एका माणसाला लागोपाठचे दोन आकडे. ज्याला पायच एक, त्यालाही आकडे दोनच. दुसऱ्या खुंटीला पत्र्याचा बिल्ला लटकवायचा, त्यावर लिहायचं 'नाही'. कलबूत दुरुस्तीला खाली गेलं तरी खुंटी उघडी टाकायची नाही. तिथंही बिल्ला : कुणी नेलं, कधी नेलं. पाय बदलला की कलबुतावर त्या जागी चामड्याची चकती चिकटवायची. एका निवृत्त शिक्षिकेच्या उजव्या कलबुतावर अंगठ्याच्या मुळाशी एकावर एक नऊ चकत्या होत्या. तिची सबंध नोकरी तिथं साचली होती.

एके दिवशी व्यवस्थापक साहेब कोठीत आले. वय पस्तीस, स्वभाव उत्साही. ते कोठीत सहसा येत नसत, पाय बघून त्यांना कसंतरी होई.

"मास्तर, आनंदाची बातमी!"

पायमास्तरांनी शिडी घट्ट धरली.

"सगळी कलबुतं यंत्रानं मोजून कॉम्प्युटरवर चढवायची. एकदा माप वर गेलं की लाकूड हवंय कशाला? खाली भट्टी आहेच."

"भट्टी?"

"म्हणजे सगळीच नाही हो. काय ठेवायचं, काय काढायचं, ते कोठीप्रमुख ठरवणार. सहीनिशी. फक्त त्याच्याकडे माहिती तंत्रज्ञानाचं प्रमाणपत्र पाहिजे. विद्यापीठाचं, पदवीनंतरचं. वरून तसा नियमच आलाय. आपल्याकडे पदवीधर कोण कोण आहे?"

कारखान्यात पदवीधर दोघेच होते. दुसरे साहेब स्वतः.

"आणि नाही मिळालं तर?"

"पुढच्या तीस जूनपर्यंत वेळ आहे ना! नाहीच जमलं तर बाहेरची कंपनी येईल. तुम्हाला फाटकावर टेबल देऊ. ऊन छान येतं तिथं."

खाली बूट शिवणारे उस्ताद पायमास्तरांचे जुने दोस्त. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी तोंडातला दोरा काढला आणि म्हणाले, "इतिहासात तू काठावर पास झालास ना, तेव्हाच मी म्हणालो होतो, ही पदवी तुला एक दिवस गोत्यात आणणार."

कारखान्यानं पायमास्तरांचा अर्ज विद्यापीठाकडे पाठवला. तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही. न जाणो, पहिला गहाळ झाला असेल, म्हणून पायमास्तरांनी स्वतः दुसरा भरला. दोन्ही पाकिटं बहुधा एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसानं फोडली. कारण चौथ्या आठवड्यात त्यांना दोन पत्रं आली, दोन ओळखपत्रं आली, दोन्हींवर तोच घाबरलेला फोटो, आणि आकडे होते ४११७ आणि ४११८.

"अहो, दोन कार्डं कशाला?" बायकोनं विचारलं.

"विद्यापीठ आहे ते. त्यांची काही पद्धत असेल ना."

"कसली पद्धत?"

पायमास्तरांनी कार्डं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. विषम आणि सम, लागोपाठ. या नव्या जगातली एवढी एकच गोष्ट त्यांना बघताक्षणी कळली. "हा डावा," ते म्हणाले, "आणि हा उजवा."

"असेल बाई," बायको म्हणाली. "एक हरवलं तर दुसरं राहील."

कुठलं कार्ड कशाला, हे कुणी सांगितलं नव्हतं. आत जाताना त्यांचा डावा पाय आधी पडे, म्हणून दारावरच्या हजेरीच्या यंत्राला त्यांनी ४११७ लावायचं ठरवलं. आणि काम उजव्या हातानं करायचं, म्हणून गृहपाठ आणि परीक्षा ४११८ वर. हा विचार त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली. त्या वहीत पुढे अकरा महिने जे काही लिहिलं गेलं, त्यातलं एवढंच त्यांना पूर्ण समजलेलं होतं.

वर्गात बाकीची मंडळी पंचविशीतली. खुर्च्यांना चाकं होती. पायमास्तर टेबलाच्या पायाला पाय अडकवून बसत, नाहीतर 'नेटवर्क' हा शब्द लिहून होईपर्यंत ते दाराशी पोचलेले असत. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. प्रेमळ, झपाट्यानं बोलणाऱ्या, टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. पायमास्तर त्यांचा शब्दन्‌शब्द उतरवून घेत. घरी येऊन वही उघडली की त्यात आढळे, 'ठीक आहे? ठीक आहे. पुढे जाऊ.'

एकदा मॅडम म्हणाल्या, हल्ली माहिती ढगात ठेवतात.

"म्हणजे नक्की कुठं?" पायमास्तरांनी विचारलं.

"कुठंतरी असते हो काका. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात. आपल्याला कशाला हवंय?"

'कुठंतरी' हा शब्द पायमास्तरांनी सत्तावीस वर्षं कोठीत कुणाला उच्चारू दिला नव्हता. त्यांनी तो वहीत लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारी लहान अक्षरांत 'बिल्ला?' असं लिहिलं.

मग तो धडा आला. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : एका माणसाची एकच नोंद.

पायमास्तरांचा हात वर गेला. "आणि पाय किती?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "का हो काका?"

"माझ्याकडे माणूस एक असतो, पाय दोन. डावा खाली दुरुस्तीला असतो, उजवा खुंटीवर. डाव्याला चार चकत्या, उजव्याला एक. एकच नोंद केली तर लिहू काय? हा माणूस अर्धा वर आहे, अर्धा खाली आहे?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "मग दोन तक्ते करा. एक माणसांचा, त्यात एका माणसाची एकच ओळ. दुसरा पायांचा, त्यात हवे तेवढे पाय. आणि प्रत्येक पायापुढे लिहायचं, तो कुणाचा."

पायमास्तरांनी वहीत शेजारीशेजारी दोन तक्ते आखले. "पाय कुणाचा, हे पायापुढे लिहायचं," ते शेवटी म्हणाले. "हे बरोबर आहे हो."

त्या दिवशी त्यांची खुर्ची सरकत सरकत दाराशी गेली तरी त्यांना कळलं नाही. एवढं सगळं समजूनही खिशातल्या दोन कार्डांचा विचार त्यांच्या मनात आला नाही, हे मात्र इथं नमूद केलं पाहिजे. आकडे कलबुतांचे असतात आणि माणूस एकच असतो हे त्यांना आता ठाऊक होतं. आपण त्या तक्त्यात माणूस आहोत की कलबूत, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

प्रकल्प म्हणून त्यांनी कोठीच कॉम्प्युटरवर उभी केली. सात हजार पाय रोज थोडे थोडे चढवले. बायको आकडे वाचून दाखवी, ते एका बोटानं टाईप करत.

"पाच हजार दोनशे सहा. नाही."

"काय नाही?"

"मला काय विचारता? तुमच्याच बिल्ल्यावर लिहिलंय, नाही."

नऊ चकत्यांच्या कलबुताला त्यांनी नऊ ओळी दिल्या. लेखी परीक्षेत पाचातले तीन प्रश्न त्यांना कळले आणि त्या तिन्हींची उत्तरं त्यांनी पाचही ठिकाणी लिहिली. प्रकल्पाला मॅडमनी शंभरात चौऱ्याऐंशी दिले. लेखीत बेचाळीस आले. चाळिसाला पास.

परीक्षेनंतर शेवटचा एक तास उरला होता. मॅडम म्हणाल्या, कार्यालयाच्या विद्यार्थी-यादीत काही नावं दोनदा पडली आहेत. तोच माणूस, तीच जन्मतारीख, आकडे मात्र दोन. अशी दुहेरी नावं शोधून पुढचा आकडा काढून टाकणारी आज्ञावली प्रत्येकानं लिहायची. ज्याची चालेल ती कार्यालयाला पाठवू, खरोखर वापरतील.

पायमास्तरांनी आयुष्यभर जोड्याच जुळवल्या होत्या. अकरा महिन्यांत प्रथमच त्यांनी लिहिलेलं काही पहिल्या फटक्यात चाललं. पडद्यावर ओळ आली : एकोणीस नोंदी कमी झाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचीच पाठवते." घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "एकोणीस!" तिनं विचारलं, "कोण एकोणीस?" ते म्हणाले, "काय माहीत. असतील कुणीतरी."

निकाल लागला तो पंचवीस जूनला. ४११८ यादीत नव्हताच. ४११७ होता, त्यापुढे 'अनुपस्थित'. पायमास्तरांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, चष्मा पुसला. मग ते कार्यालयाच्या खिडकीशी गेले. आत एक कारकून कॉम्प्युटरपुढे बसला होता.

"४११७. गैरहजर," तो म्हणाला.

"हजर होतो हो. ४११८ वर."

"४११८ नाही."

"होता. हे कार्ड बघा."

कारकुनानं कार्ड उलटंसुलटं केलं. "कार्ड आहे. माणूस नाही."

"माणूस मी आहे."

"तुम्ही ४११७."

"तोपण मीच."

"मग भांडण कशाचं?"

पायमास्तरांनी कार्ड परत घेतलं. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. "४११८ काढला, तर त्या जागी काय ठेवलंत?"

"कुठल्या जागी?"

"जिथून काढला तिथं. काही खूण, चिठ्ठी? कुणी नेला, कधी नेला?"

"काढला म्हणजे काढला. जागा राहतेय कुठं! खालचा वर सरकतो."

पायमास्तरांनी खिडकीची कड धरली. "कुणी काढला पण?"

"आमच्याकडे नका बघू. कॉम्प्युटर विभागातून आज्ञावली आली होती. झकास होती हां. एका दणक्यात एकोणीस."

पायमास्तर तिथून जे निघाले ते थेट मॅडमच्या खोलीत. त्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, आणि मान खाली घातली. मॅडमनी कार्डं पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डं पाहिली.

"काका, दोन नंबर? अकरा महिने? मला एकदा विचारायचं तरी!"

"तुम्ही म्हणाला होतात, शंका असेल ती विचारा. पण ही शंकाच नव्हती. मला वाटलं, मला एवढं एक तरी समजलंय."

मॅडम उठल्या. पुढचे चार दिवस त्या पायमास्तरांना घेऊन विद्यापीठाच्या इतक्या खोल्यांत शिरल्या की दोघांनाही कुठून आलो ते आठवेना. चौथ्या दिवशी जुन्या प्रतीतून ४११८ परत आणण्यात आला, सगळ्या गुणांसकट. फक्त त्याची उपस्थिती शून्य होती, आणि नियम असा की पंच्याहत्तर टक्के हजेरी नसलेला विद्यार्थी परीक्षेला अपात्र. ४११७ ची हजेरी शहाण्णव टक्के, पण तो परीक्षेला बसला नव्हता. दोघांना जोडायचं तर समिती हवी. समिती सहा महिन्यांतून एकदा भरते, आणि ती नुकतीच भरून गेली होती.

तीस जूनला पायमास्तर दोन्ही आकड्यांचे निकालाचे कागद घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. उस्तादही मागून येऊन उभे होते, बोलावलं नसताना.

साहेबांनी कागद वाचले. "हा कोण?"

"मी."

"आणि हा?"

"मीच."

"यातला पास कोण झालाय?"

पायमास्तर विचारात पडले. "उजवा," ते म्हणाले. "पण तो कधी वर्गात गेलेला नाही."

"साहेब," उस्ताद म्हणाले, "दोन्ही शेजारी लावा की. जोड झाला."

"फॉर्मवर रकाना एकच आहे हो!" साहेब खरोखरच कळवळून म्हणाले. पायमास्तरांबद्दल त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण तीस तारीख होती, आणि त्यांनी आदेश आधीच टाईप करून ठेवला होता. त्याप्रमाणे पायमास्तर त्याच दिवशी दुपारी कोठीप्रमुख पदावरून मुक्त झाले आणि फाटकावरच्या टेबलाचे मानकरी झाले. ऊन खरोखर छान येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. हातात छापील नमुना. काय ठेवायचं आणि भट्टीत काय घालायचं, त्याची यादी सध्याच्या कोठीप्रमुखानं सही करून द्यावी, मगच कंपनी ताबा घेईल.

"सध्याचा कोठीप्रमुख नाही," साहेब म्हणाले.

"रजेवर?"

"नाही. पदच रिकामं आहे. कालपासून."

"मग आदल्यानं सही करावी."

पायमास्तरांना फाटकावरून बोलावणं आलं. त्यांनी नमुना दोनदा वाचला. "सही करतो," ते म्हणाले, "पण कुठल्या हुद्द्यानं करू? काल होतो. आज मी फाटकावर आहे."

त्यात वाद घालण्याचा काहीही हेतू नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. साहेबांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं, कंपनीच्या माणसानं नमुन्याकडे पाहिलं, नमुन्यावर हुद्द्याचा रकाना होता आणि तो कोरा ठेवायची सोय नव्हती.

"पद भरलं की कळवा," तो माणूस म्हणाला आणि गेला.

पद भरण्यासाठी जाहिरात निघाली : पदव्युत्तर प्रमाणपत्र आवश्यक, कलबुतांचा दहा वर्षांचा अनुभव आवश्यक. असा माणूस आजतागायत अर्ज करता झालेला नाही. विद्यापीठाची समिती पुढच्या बैठकीत ४११७ आणि ४११८ यांच्या एकत्रीकरणाबाबत धोरण आखायचं की नाही, याचा विचार करणार आहे. मॅडमनी स्वतःहून बूट शिवायला टाकले. त्यांची कलबुतं खुंट्यांवर चढली, चकती अजून एकही नाही.

फाटकावरच्या टेबलाला हल्ली खिळा ठोकलेला आहे. बहुतेक वेळा त्यावर एक पत्र्याचा बिल्ला लटकत असतो. त्यावर लिहिलेलं असतं : कुणी नेलं : स्वतः. कुठं : वर.

कारखान्याच्या आस्थापना नोंदवहीतली ताजी नोंद अशी आहे. कोठीप्रमुख : पद रिक्त. कोठी : पुढील आदेशापर्यंत बंद. कलबुते : निर्णय प्रलंबित.

कोठी रोज सकाळी पावणेनऊला उघडते. किल्ली एकच आहे, आणि ती पायमास्तरांच्या खिशात असते.